वाण नाही, पण गुण लागला: बुशेच्या लाव्हाचं प्रकरण

पोलादपूर सोडलं की आंबेनळी घाट चढायला लागतो, आणि थेट महाबळेश्वरापर्यंत डोंगराच्या कापात दिसणारा कातळ एकच वाटतो. काळा, थरावर थर रचलेला, मध्येच लाल मातीचा एखादा पट्टा, अगदी वर जांभा. पाथरवटाच्या लेखी तो काळा दगड. भूविज्ञानाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी भिंग लावून फेल्डस्पारचे पांढरट दाणे बघतो आणि वहीत 'बेसाल्ट' लिहितो. दोघांचंही चुकत नाही. पण इथपासून उत्तरेला बोरघाट, थळघाटापर्यंतच्या कड्यांमध्ये अकरा-बारा वेगवेगळ्या जातकुळीचे लाव्हा एकावर एक बसले आहेत. त्यांतल्या एकाने आपली जात अशी काही लपवली आहे की नुसत्या रासायनिक तक्त्यावरून त्याचं जन्मस्थान सांगायला जाल, तर हमखास फसाल. त्याचं नाव बुशे शैलसमूह, म्हणजे एकाच जातकुळीच्या लाव्हांचा गठ्ठा. लोणावळा उपगटातला हा वरचा थर.

प्रकरण समजायला आधी हे थर वेगळे केले कसे, ते पाहावं लागतं. दख्खनचा लाव्हा आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि तो बहुतांश एकाच प्रकारचा बेसाल्ट आहे. गाळाच्या खडकात जीवाश्म असतात, त्यावरून थर जुळवता येतात. लाव्हात ती सोय नाही. लाल मातीचे पट्टे, ज्यांना 'रेड बोल' म्हणतात, ते दोन उद्रेकांमधल्या शांततेची खूण आहेत खरे, पण ते दोन डोंगरांपलीकडे विरून जातात. काही थरांत फेल्डस्पारचे बोटाच्या पेरासारखे मोठे स्फटिक असतात. मंचर, गिरवली अशा गावांची नावं मिळालेले हे थर खुणेला फार उपयोगी पडले, पण ते खालच्या भागातच सापडतात. वरचा हजारभर मीटर कातळ डोळ्यांनी वेगळा करणं कोणालाच जमलं नव्हतं.

१९८१ साली नजफी, ऑक्सफर्डचे कीथ कॉक्स आणि मुंबईचे सुखेश्वाला यांनी महाड-महाबळेश्वर भागातल्या लाव्हांचं भूरसायन मांडलं. पुढच्या वर्षी महोनी आणि सहकाऱ्यांनी महाबळेश्वरच्या नमुन्यांतले स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियमचे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, मोजले. त्यानंतर कॉक्स आणि हॉक्सवर्थ, आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव, वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पीटर हूपर आणि बीन, डेव्ही, लाइटफूट अशा तरुण मंडळींनी घाटामागून घाट चढून नमुने गोळा केले. दर थराला एक पिशवी, पिशवीवर उंची. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, आणि तसं ते असतंही. पण १९८६ पर्यंत सह्याद्रीच्या कातळाची वंशावळ उभी राहिली: खाली कळसूबाई उपगट, मध्ये खंडाळा आणि बुशे मिळून लोणावळा उपगट, वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा यांचा वाई उपगट. नावं सगळी आपल्या गावांची आणि घाटांची आहेत. तरी या गावांत राहणाऱ्या फार थोड्यांना ती माहीत आहेत, याची मला नेहमी चुटपुट लागते.

ही वंशावळ लावताना एक गोष्ट ध्यानात आली. थर पूर्ण आडवे नाहीत. दक्षिणेकडे ते अगदी किंचित, एका अंशाहूनही कमी, कलले आहेत. म्हणून इगतपुरीत पायाखाली असणारा थर पुण्याच्या दक्षिणेला दिसेनासा होतो, आणि महाबळेश्वरच्या माथ्यावरचा लाव्हा पन्हाळ्याकडे आणखी तरुण थरांखाली जातो. बेळगावच्या बाजूला तर खालचे थर नाहीतच. तरुण लाव्हा थेट जुन्या खडकावर जाऊन बसले आहेत. उद्रेकाचं केंद्र काळाबरोबर दक्षिणेला सरकत गेलं, की भारताचा भूपट्टच उत्तरेला सरकला, याची चर्चा इथून सुरू झाली. त्याकडे पुढे येऊ.

आकडे काय म्हणतात

आता मुख्य पुरावा. स्ट्रॉन्शियमचे दोन समस्थानिक घेऊ, ८७ आणि ८६. यांतला ८६ कायम तेवढाच राहतो. ८७ मात्र रुबिडियम-८७ च्या ऱ्हासातून हळूहळू वाढत असतो, आणि त्या रुबिडियमचा अर्धायुष्यकाळ जवळजवळ ५,००० कोटी वर्षं आहे. म्हणजे ज्या खडकात रुबिडियम भरपूर आणि वय मोठं, त्यात ८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर वाढलेलं असणार. पृथ्वीच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, रुबिडियम फार कमी असतं, म्हणून प्रावरणातून थेट आलेल्या लाव्हाचं गुणोत्तर ०.७०३ ते ०.७०५ च्या आसपास घुटमळतं. ग्रॅनाइटची गोष्ट निराळी. समजा एखाद्या ग्रॅनाइटात रुबिडियम हे स्ट्रॉन्शियमच्या निम्मं आहे आणि त्याचं वय २७० कोटी वर्षं आहे, तर आज त्याचं गुणोत्तर ०.७५७ च्या घरात जातं. तिसऱ्या दशांशावर वाद घालणाऱ्या या शास्त्रात हा फरक म्हणजे हिमालय.

आंबेनळी शैलसमूहाचं गुणोत्तर ०.७०३८ ते ०.७०४४. स्वच्छ, प्रावरणातला माल. त्याखालच्या पोलादपूरचं ०.७०५३ ते ०.७११०. आणि त्याच्याही खालच्या बुशेचं? ०.७०७८ पासून थेट ०.७२०० पर्यंत. बेसाल्ट म्हणवणाऱ्या खडकाला न शोभणारा आकडा.

निओडिमियमने तीच गोष्ट उलट्या बाजूने सांगितली. हे मोजमाप भूवैज्ञानिक 'एप्सिलॉन' या मानात देतात. शून्याच्या वर म्हणजे प्रावरणाकडचा, शून्याच्या बराच खाली म्हणजे जुन्या महाद्वीपीय कवचाकडचा. आंबेनळी अधिक आठच्या आसपास पोचतो. बुशे ऋण दहाच्याही खाली उतरतो. एकाच डोंगररांगेत, एकमेकांपासून काहीशे मीटर उंचीच्या अंतरावर, दिसायला सख्खे भाऊ.

दोन संशयित

बुशेचा हा विचित्र गुण आला कुठून? दोनच शक्यता होत्या. एक, प्रावरणाचाच एखादा भाग मुळात असा असेल, पूर्वीच्या कुठल्या घडामोडीत कवचाचे घटक मुरलेला, आणि बुशेचा शिलारस (वर येणारा वितळलेला खडक) त्यातूनच निघाला असेल. दोन, शिलारस जन्माने स्वच्छ होता, पण वर येताना वाटेतला ग्रॅनाइट जातीचा जुना खडक त्याने गिळला. पहिल्या शक्यतेत दोष वाणाचा, दुसरीत संगतीचा. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला,' ही म्हण दुसऱ्या शक्यतेला तंतोतंत बसते.

वाटेत काय होतं, याबद्दल शंका नाही. कोयनेत भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या एका विंधनविहिरीत ९३० मीटरच्या आसपास बेसाल्ट संपून ग्रॅनाइट जातीचा जुना पाया लागला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विहिरीत तो ३३८ मीटर बेसाल्ट आणि थोडा गाळ ओलांडल्यावरच लागला. दक्षिण भारताचा हा पाया बहुतांश २५० कोटी वर्षांहून जुना. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा प्रत्येक थेंब शिलारस याच भिंतीतून भेगा पाडत वर आला आहे.

साधं गणित करून पाहू. आकडे सोयीसाठी गोल घेतले आहेत. स्वच्छ शिलारसाचं गुणोत्तर ०.७०४, ग्रॅनाइटचं ०.७६०, दोघांत स्ट्रॉन्शियम सारखंच, आणि मिश्रणात ग्रॅनाइट २० टक्के. उत्तर येतं ०.७१५२. बुशेच्या पट्ट्यात आरामात बसणारं. सिलिका ४९ टक्क्यांवरून सुमारे ५३.६ वर जाते, म्हणजे खडक अजून बेसाल्टच्या उंबरठ्यावरच राहतो. संगतीची शक्यता गणितात बसते.

पण याच गणिताला टायटॅनियम अडवतं. आंबेनळीत टायटॅनियम ऑक्साइड साधारण दोन ते तीन टक्के असतं. अडीच टक्क्यांचा शिलारस घेऊन त्यात ०.३ टक्क्याचा ग्रॅनाइट २० टक्के मिसळला, तर दोन टक्क्यांच्या आसपास उरायला हवं. बुशेत मात्र ते एक ते सव्वा टक्क्याच्या आसपासच असतं. पाणी घालून दूध एवढं पातळ होत नाही. म्हणजे बुशेचा मूळ शिलारस आंबेनळीच्या शिलारसाची हुबेहूब नक्कल नव्हता. तो प्रावरणाच्या जास्त प्रमाणात वितळण्यातून आलेला आणि कमी स्फटिकीकरण झालेला, अधिक उष्ण असा होता. केवळ 'भेसळ' म्हणून फाइल बंद करणाऱ्यांनी हा मुद्दा पुन्हा वाचावा. संगतीचा दोष खरा, पण पवळ्याही जन्मतः थोडा वेगळा होता.

उलटा पडलेला नियम

या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग इथे येतो. पाठ्यपुस्तकातला नियम असा: खडक वितळवायला उष्णता लागते. ती शिलारसाने दिली की तो स्वतः थंड होतो, त्याच्यातून ऑलिव्हिन, पायरॉक्सिनसारखे मॅग्नेशियमयुक्त स्फटिक तळाशी बसतात. म्हणून जितकी भेसळ जास्त, तितकं उरलेल्या शिलारसात मॅग्नेशियम कमी. १९८१ साली डीपाओलो यांनी हे गणित मांडलं आणि ते जगभर चाललं.

बुशेत हे उलटं निघालं. सर्वांत भेसळयुक्त थर सर्वांत कमी मॅग्नेशियमचे असायला हवे होते, ते तसे नव्हतेच. उलट मॅग्नेशियम जास्त असलेल्या, म्हणजे जास्त उष्ण थरांतच कवचाची खूण ठळक होती. १९८७ साली डेव्ही आणि कॉक्स यांनी हा संबंध नीट मांडला. त्याआधीच हपर्ट आणि स्पार्क्स यांनी द्रवगतीच्या बाजूने एक कल्पना पुढे आणली होती: फार उष्ण, पातळ शिलारस भेगेतून वर येताना शांतपणे वाहत नाही, खळाळतो. खळाळणारा प्रवाह भेगेच्या भिंतीला सतत नवी उष्णता देतो, भिंत वितळते आणि त्यात मिसळते. थंड, चिकट शिलारस मात्र भिंतीलगत स्वतःचीच थंड साय धरतो आणि आतला माल स्वच्छ राहतो. नदीला पूर आला की काठ खचतात, उन्हाळ्यात नाही.

याचा एक विलक्षण अर्थ निघतो. भेसळ ही इथे जमिनीखालच्या एखाद्या कोठीत शिलारस साचून, मुरून झालेली नाही, प्रवासात झाली आहे. आणि जो सर्वांत थेट, सर्वांत गरम येतो, त्याच्याच अंगावर वाटेची धूळ सर्वांत जास्त. 'मॅग्नेशियम जास्त म्हणजे मूळ प्रावरणाचा शुद्ध नमुना' असं गृहीत धरून ज्यांनी जुन्या लाव्हांची वंशावळ लावली, त्यांची बुशेने पंचाईत केली.

वरच्या महाबळेश्वर शैलसमूहाची गोष्ट आणखी तिसरीच. तिथे स्ट्रॉन्शियम-निओडिमियमच्या आलेखावर बिंदू बुशेच्या रेषेवर न पडता वेगळ्याच उताराने सरकतात. म्हणून कॉक्स आणि हॉक्सवर्थ यांनी तिथे ग्रॅनाइटऐवजी बदललेल्या प्रावरणाकडे बोट दाखवलं. म्हणजे ज्या पहिल्या संशयिताला बुशेत सोडून दिलं, तो तीन मजले वर पुन्हा भेटतो. कळसूबाई उपगटातल्या खालच्या थरांबाबतही १९९४ साली पेंग आणि सहकाऱ्यांनी खोल कवचातल्या एका आधीच्या भेसळीची शक्यता मांडली आहे.

खोटा पत्ता

हे सगळं दख्खनपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. अडचण व्यापक आहे. शेकडो कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आज ना ज्वालामुखी उरला आहे, ना समुद्र, ना भूपट्टाची कड. उरतो तो खडक आणि त्यातली मूलद्रव्यं. १९७३ साली पिअर्स आणि कॅन यांनी टायटॅनियम, झिर्कोनियम, यिट्रियम अशा न हलणाऱ्या मूलद्रव्यांचे त्रिकोणी आलेख काढले: या कोपऱ्यात पडला तर सागरी कटकाचा, म्हणजे समुद्रतळावरच्या डोंगररांगेचा लाव्हा, त्या कोपऱ्यात तर बेटांच्या कमानीचा, म्हणजे भूपट्ट खाली घुसतो तिथल्या ज्वालामुखी बेटांच्या रांगेचा. युक्ती फार उपयोगी आहे. खडकाच्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजं भरली, पोटॅशियम वाहून गेलं, तरी टायटॅनियम जागेवर राहतं.

पण आता बुशेचा नमुना गाव न सांगता एखाद्याच्या टेबलावर ठेवा. टायटॅनियम कमी. निओबियम कमी. लॅन्थनम निओबियमच्या मानाने बरंच जास्त. भूपट्ट जिथे खाली घुसतो तिथल्या, इंडोनेशिया किंवा अँडीजसारख्या ठिकाणच्या लाव्हाची नेमकी हीच ओळख सांगितली जाते. सागरी कटकाच्या लाव्हात लॅन्थनम आणि निओबियम साधारण बरोबरीने असतात. वरच्या महाद्वीपीय कवचात लॅन्थनम दुपटीहून जास्त. शिलारसाने कवच गिळलं की ही खूण आपसूक त्याच्याकडे येते. बघणारा म्हणेल, इथे एक महासागर मिटला होता. प्रत्यक्षात ६.६ कोटी वर्षांपूर्वी पुण्या-नाशकाखाली कुठलाही भूपट्ट घुसत नव्हता. भारत उत्तरेला धावत होता आणि सेशेल्स त्याच्यापासून तुटण्याच्या बेतात होतं.

बुशेबाबत आपण फसत नाही, कारण आपल्याला आजूबाजूची सगळी साक्ष माहीत आहे. खालीवर कोणते थर, पाया कशाचा, भूपट्ट कुठे होता. फक्त चार नमुने हाती असलेल्या आर्कियन, म्हणजे २५० कोटी वर्षांहून जुन्या काळातल्या लाव्हाबद्दल 'ही प्राचीन बेटांची कमान' असं ठामपणे लिहिलेलं वाचलं की मला प्रत्येक वेळी बुशे आठवतो. आधी पाया विचारा, मग पत्ता सांगा, एवढंच माझं म्हणणं.

मग दख्खनचा खरा पत्ता कोणता? त्यासाठी आंबेनळीकडे जावं लागतं, कारण वाटेतलं कवच सर्वांत कमी गिळलेला तोच. हिंद महासागरातल्या रियुनियन बेटावर आजही जागा असलेला पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी ०.७०४ च्या आसपासच्या गुणोत्तराचा लाव्हा ओततो. आंबेनळीचा आकडाही तोच. लक्षद्वीप, मालदीव, चागोस आणि पुढे मॉरिशसपर्यंतच्या बुडालेल्या कटकांची वयं दक्षिणेकडे कमी होत जातात, हे १९८७ च्या सागरी विंधन मोहिमेत दिसलं. सह्याद्रीतल्या थरांचा दक्षिणेकडचा कल त्याच चित्रात बसतो. म्हणून बहुतेकजण रियुनियनखालच्या प्रावरण झोताला, म्हणजे खोलून वर येणाऱ्या उष्ण खडकाच्या स्तंभाला, दख्खनचा जनक मानतात. पण आंबेनळीचं निओडिमियम रियुनियनपेक्षाही प्रावरणाच्या बाजूला झुकतं, सागरी कटकाच्या लाव्हाकडे. आणि आयआयटी मुंबईचे हेतू शेठ यांच्यासारखे अभ्यासक झोताऐवजी भूपट्ट ताणून फाटण्याला महत्त्व देतात. झोताचा पक्ष मला जास्त पटतो, पण तो बुशेच्या आकड्यांवरून पटलेला नाही. बुशेला हा प्रश्न विचारून उपयोग नाही. त्याने वाटेत काय खाल्लं, तेवढंच तो सांगू शकतो.

सांधा

बुशे संपतो आणि पोलादपूर सुरू होतो, त्या सांध्याला अलीकडे फार महत्त्व आलं आहे. दख्खनच्या एकूण लाव्हापैकी सुमारे ७० टक्के त्या सांध्याच्या वरच्या वाई उपगटात आहे. भेसळ ओसरत जाते, पोलादपूरमध्ये अर्धवट, आंबेनळीत जवळजवळ नाहीशी, आणि त्याच वेळी लाव्हाचं प्रमाण फुगतं. जणू वाटा रुंद झाल्या, भिंतींना शिलारसाचंच अस्तर बसलं आणि माल न थांबता वर येऊ लागला. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळचा बेसाल्टही रसायनाने याच वरच्या थरांशी जुळतो. सह्याद्रीपासून सुमारे हजार किलोमीटरवर. एकेक लाव्हा किती दूर वाहत गेला असेल, याचा हा सर्वांत बोलका दाखला.

२०१५ साली रिचर्ड्स आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की मेक्सिकोतल्या चिक्शुलूबच्या अशनी आघाताच्या हादऱ्यानेच हा बदल घडला असावा. २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी वयं मांडली. शोन यांच्या गटाने लाल मातीच्या पट्ट्यांतल्या झिरकॉन कणांवरून, स्प्रेन यांच्या गटाने बेसाल्टमधल्या फेल्डस्पारवरून. डायनोसॉर नामशेष झाले तो क्षण स्प्रेन यांच्या हिशेबात बुशे-पोलादपूर सांध्याच्या जवळ येतो. शोन यांच्या हिशेबात पोलादपूरचा मोठा लोंढा आधीच येऊन गेला होता. फरक काही हजार, फार तर काही लाख वर्षांचा. पण लाव्हाने जीवसृष्टी आधी खिळखिळी केली की नंतर, हे त्यावरच ठरतं.

दोन्ही गट ज्या सांध्यांवर बोट ठेवतात, ते कातळात आखलेले नाहीत. पावसाळ्यात घाटाच्या वळणावर गाडी थांबवून तुम्ही त्याच्यासमोर उभे असाल, पाणी दोन्ही थरांवरून सारखंच ओघळत असेल. पिशवीत नमुना भरून तो प्रयोगशाळेत विरघळवल्याशिवाय आणि त्यातलं स्ट्रॉन्शियम मोजल्याशिवाय खाली बुशे आणि वर पोलादपूर हे कळायचं नाही.